सारसाच्या घरट्यापायी फोडलेला धुरा

गावचा तलाव बेशरमाच्या झुडपांनी पार गिळला होता. ती उपटता उपटता आम्हा बायांचे हात सोलून निघाले. मग मासे धरणाऱ्या ढिवरांच्या बायांनी काठाच्या चिखलात देवधान लावलं, म्हणजे रानातलं धान. सारस परत यावेत म्हणून हा सगळा खटाटोप. मी लग्न होऊन आले तेव्हापासून या गावात सारस कुणी पाहिला नव्हता.

आली एकदाची जोडी. पण भटाला दिली ओसरी! तलाव सोडून त्यांनी घरटं बांधलं माझ्या धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, तेही माझंच रोवलेलं धान उपटून. माझं डोकं असं फिरलं! सासू धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसून सारसांना शिव्या घालायची, अन् शिव्या घालता घालता त्यांच्या अंड्यांवर येणारी कुत्री हाकलायची. अंडी दोन होती.

आमच्याकडं पाऊस जास्त झाला की वरच्या बांधीचा धुरा फोडून पाणी खालच्या बांधीत सोडतात. हाताला सवयच असते. एका सकाळी दिरानं तसंच माझ्या बांधीत सोडलं, घरटं त्याच्या ध्यानातच नव्हतं. मी पोचले तोवर एक अंडं घरंगळून गेलं होतं. दुसऱ्याला पाणी लागायला आलं होतं, मादी चोचीनं काड्या ओढून घरटं उंच करत होती. खालचा धुरा फोडला तर अंडं वाचेल, पण नुकतं टाकलेलं खत अन् कोवळं धान वाहून जाईल. फावडं हातात होतं, पण हात उचलेना.

मागून सासू आली. "काऊन उभी राह्यली? फोड. धान पुढल्या सालीबी होते."

फोडला. खत गेलं, मी रडले, खोटं कशाला सांगू? पाणी उतरल्यावर सासूनंच चिखल लोटून धुरा बुजवला, नाहीतर बांधी कोरडी पडून कुत्र्यांना वाट झाली असती. काही दिवसांनी अंड्यातून पिल्लू निघालं. त्या बांधीत धान अर्धंही झालं नाही.

यंदा जोडी पुन्हा तलावावर उतरलीय. रोवणीला बाया आल्या, तर बांधीच्या मधोमध सासूनं काठ्या खोचून ठेवलेल्या. एवढी जागा रोवायची नाही म्हणाली. बाया चिडवायला लागल्या, सुनेच्या बाळंतपणात तरी एवढी काळजी घेतली होती का?

सासू हसली नाही. माझ्याकडं पाहून म्हणाली, "नाई घेतली. म्हणून तं आता घेऊन राह्यली."