थोरलीची करून पाहायची रीत

धान कांडलं की कोंडा निघायचाच. तसं थोरल्या जाऊबाईबरोबर एका घरात राहिलं की किस्से निघायचेच. मी काही ते साठवत नाही, आपोआप साचतात. पाण्याला गेले की बायका मला विचारतात, "मंग, काल काय केलं तुया जाऊनं?" मी काय केलं ते कोणी विचारत नाही. पाळण्याची दोरी पायाला बांधून हे लिहिते आहे. मधेच उठून पोरगा श्वास घेतो की नाही ते पाहून येते. पण याचे काय किस्से होणार?

तिचं नाव गया. तिला मूल नाही. शाळा माझ्याएवढीच, सातवी पास. त्यामुळे "ती काय बाई, शिकलेली" असं म्हणून सुटायचीसुद्धा सोय नाही. तिची रीत एकच. कोणतीही वस्तू करायची तर आधी ती वापरणाऱ्या माणसाला बघत बसायचं. मग कच्ची करून पाहायची. मग मोडायची. मग पुन्हा.

* * *

सासूबाईंना नवी चूल हवी होती. मी माझ्या माहेरी, सिंदेवाहीला, घालतात तशी घातली. गुळगुळीत सारवली, वर चुन्याची वेलबुट्टी काढली. सासूबाईंनी तिच्यावर एकदा भात रांधला आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्यावर सरपण ठेवायला लागल्या.

थोरली मात्र पाट घेऊन सासूबाईंच्या शेजारी बसली. कामाला हात नाही, नुसती बघत राहिली. मी काय जत्रेतला पाळणा आहे का, म्हणून सासूबाई वैतागल्या. मग थोरलीनं ओल्या मातीची चूल घातली, सासूबाईंना तिच्यापुढे बसवून पाहिलं, मोडली, पुन्हा घातली. सासूबाईंचा एक गुडघा वाकत नाही. त्या पाय लांब करून बसतात आणि कुशीवर कलून फुंकर घालतात. हे इतकी वर्षं मलाही दिसत होतं. पण चूल घालताना आठवलं का? थोरलीची चूल उंच झाली आणि तोंड तिरपं. दिसायला म्हशीच्या जबड्यासारखी.

मी न राहवून विचारलं, कोणाची चांगली. सासूबाई म्हणाल्या, "पाहाले तुयी. रांधाले तिची."

* * *

तिचंही फसतं बरं का! ते मी विसरत नाही.

गोठ्याच्या छपरावर झिंगे वाळत घातले की मांजर खाऊन जायची. सगळे म्हणत, मांजरीला बदडा. थोरली एक दुपारभर मांजरीला बघत बसली. मांजर भोपळ्याच्या मांडवावरून चढते असं तिला दिसलं. तिनं मांडवाच्या खांबाला बोरीचे काटे बांधले. मांजर दुसऱ्या बाजूनं चढली, आणि भोपळा काढायला गेलेले मामाजी, म्हणजे आमचे सासरे, हातभर काटे घेऊन परत आले.

मला वाटलं, आता हिची पाळी. तर ही सुई घेऊन काटे काढता काढता खुशीत म्हणते, "चला, काटे कुठी नाई लावाचे, थे तं समजलं."

मामाजी हसले! मी असं केलं असतं तर माझ्या नातवंडांच्या लग्नात सांगितलं असतं.

* * *

तालुक्याच्या ब्लॉक ऑफिसातून सेविकाबाई आल्या. चावडीत बायकांची मिटिंग घेतली. बिनधुराच्या चुलीचं चित्र होतं आणि छापील कागद. तो मी उभं राहून न अडखळता वाचला.

वाचून झालं तशी थोरली मागून म्हणाली, "बाई, ही चूल कोन्या बाईले इचारून काढली जी?"

सगळ्या हसल्या. सेविकाबाई मात्र थोरलीच्या शेजारी जमिनीवरच बसल्या. पुढच्या आठवड्यात जीपमध्ये बसवून तिला दुसऱ्या गावच्या चुली पाहायला घेऊन गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "तुमचा आवाज फार छान आहे हो."

* * *

माझी पहिली पोर, मंजी, रांगायला लागली आणि माझा जीव टांगणीला लागला. घरामागे बोडी आहे, छोटं तळंच म्हणा, आणि कुंपणाला खिंडार. मी मंजीला लुगड्याच्या पट्टीनं खांबाला बांधायची. ती रडून घर डोक्यावर घ्यायची. सोडली की सरळ बोडीकडे.

एक दिवस थोरली पदर खोचून मंजीच्या मागोमाग अंगणात रांगायला लागली. शेजारणी कुंपणाशी जमल्या. मामाजी पाठ करून बसले. गुडघे मातीनं भरवून ती उठली आणि मला म्हणाली, "हिच्या उंचीवरून बोडी चमकते व. आपल्याले उभ्यानं दिसत नाई."

तिनं खिंडार बुजवलं आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, उन्हात, बोटभर पाण्याची परात ठेवली. मंजी परातीकडे जायला लागली. बोडी सुटली.

मला हायसं वाटायला हवं होतं. पण आता पोर डोळे उघडले की परातीकडे, आणि परातीपाशी थोरली. माझ्या पोटच्या पोरीच्या डोळ्यांना काय दिसतं ते तिला दिसलं. मला काऊन नाही?

* * *

त्याच सुमारास मला दुसऱ्यांदा दिवस गेले. सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "धाकलीले दुसरं होऊनच राह्यलं. मंजीले थोरलीच्या ओटीत घालून टाकू."

आमच्याकडे असं करतात. मूल घरातच राहतं, फक्त आई बदलते. मामाजींनी मान डोलावली. माझे मालक खाली बघून जाळं विणत राहिले. मला कोणी विचारलं नाही. चूल तिची, जीप तिची, आता पोरही तिची.

थोरली एवढंच म्हणाली, "आधी एक दिवस करून पाहू."

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं मंजीला नेलं. अंगणापलीकडे तिची खोली. दार उघडंच होतं. तिनं मंजीला न्हाऊ घातलं, पेज भरवली. मंजी खिदळत होती. दुपारी अंगाई न म्हणता झोपली. माझ्यासाठी एकदासुद्धा रडली नाही मेली.

मी माझ्या दारात तांदूळ पाखडत बसले होते. पाखडून झाले की पुन्हा तेच सुपात घेत होते. तिकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि बघितलं नाही असंच मला वाटत होतं.

दिवेलागणीला थोरली अंगण ओलांडून आली. माझ्या मांडीवरचं सूप उचलून बाजूला ठेवलं आणि तिथे मंजीला ठेवलं.

सासूबाईंनी विचारलं, "काऊन व? रडली का?"

"नाई."

"जेवली नाई?"

"पोटभर जेवली. झोपली बी."

"मंग दिवसभर पोट्टीत पाह्यलं काय तू?"

थोरलीनं हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं. म्हणाली, "पोट्टीकडं कुठी पाह्यलं मी? हिच्याकडंच पाहून राह्यली होती."