बंदुकीचं तोंड

शस्त्राचा मान राखणं हे आमच्या घराचं व्रत होतं. शस्त्र म्हणजे एकच रायफल, आणि तिने आयुष्यभर फक्त कागदी निशाणाला भोकं पाडली. परवा माझी स्वतःची रायफल पुसताना तेलाच्या वासात अंगणातल्या झेंडूचा वास मिसळला आणि मी कळमनुरीतल्या एका जुन्या दसऱ्यात जाऊन पोचले.

पाटावर रायफल होती आणि आई हळदीकुंकू घेऊन खोळंबली होती. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बोल्ट काढून रिकामी नळी मला दोनदा दाखवली होती. तरी त्यांचा नियम पक्का होता: नळीचं तोंड कुणावरही रोखायचं नाही.

"दादा, ते देवाकडं झालंय," मी म्हणाले.

दादांनी रायफल फिरवली.

"आता माझ्याकडं झालं," आई म्हणाली.

आडवी ठेवली, तर भिंतीपलीकडे राठोडकाकू पुरण वाटत होत्या.

"अवो, रिकामी हाय ना ती?" आईने विचारलं.

"रिकामी असली तरी न्हाई."

"मग आरती कवा करू? निवद गार होऊन राहिला!"

तेव्हा मला हसू आलं होतं. आता दर दसऱ्याला मीच रायफल घेऊन पाटाभोवती फिरते आणि तोंड कुठे करावं ते मला अजून कळलेलं नाही.

शेवटी दादांनी रायफल कपाटात कुलूपबंद केली आणि पाटावर तिचा परवाना ठेवला. आईने त्याला मनोभावे ओवाळलं. नंतर दादांनी परवान्यावरचं कुंकू पुसलं, तेव्हा खालची तारीख दिसली. मुदत पोळ्यालाच संपली होती.