गालावरची चिकटपट्टी

काटेवाल्याला कशाकशाची किळस यायची, हे सांगायला बसलं तर संध्याकाळ व्हायची. ओल्या साबणाला चिकटलेला केस, दुसऱ्याच्या पेल्यावरचा ओठांचा ठसा, बोटाला थुंकी लावून पानं उलटणारा कारकून. त्यात धंदाही असा, की दुकानोदुकानी जाऊन वजनकाटे उघडायचे आणि दुरुस्त करायचे. आत झुरळांचे पंख निघायचे, साखरेचा चिकटा निघायचा, मासळीवाल्याकडे तर खवल्यांचा थरच. पण सगळ्यात शिसारी यायची ती पारड्याखाली गुपचूप चिकटवलेल्या शिशाच्या तुकड्याची. दुकानदार दात काढून म्हणायचा, "कुणी लावला देव जाणे." काटेवाला तो तुकडा चिमट्यानं उपटून त्याच्यासमोर ठेवायचा आणि दोनच शब्द बोलायचा.

"पुन्हा मोजा."

अशा माणसाच्या पोटी ढमी आली. नाव थट्टेनं पडलेलं, कारण आठ महिन्यांची झाली तरी पोर पाच किलोच्या पुढे सरकायला तयार नव्हती. हृदयाला भोक, त्यात गिळायची ताकद नाही. तोंडानं पाजलं की दूध वाट चुकून फुप्फुसाकडे निघायचं. म्हणून जन्मल्यापासूनच नाकातून थेट पोटापर्यंत एक बारीक नळी घातलेली, आणि ती निसटू नये म्हणून गालावर चिकटपट्टी. उजवी नाकपुडी जन्मतःच अरुंद, तेव्हा डावा गाल कानापर्यंत कायमचा पट्टीखाली. पट्टीच्या कडा काळ्या पडायच्या, खाली दूध झिरपून आंबायचं, आणि सोलताना कातडीही बरोबर यायला बघायची. ते काम बायकोचं. तिनं कापूस हातात घेतला की काटेवाल्याला नेमकं बाहेरून काहीतरी आणायचं आठवायचं.

दुधाचेही तीन प्रकार करून झाले. आधी आईचं दूध नळीतून दिलं, ते उलटून पडलं. मग त्यात घट्ट करायची पावडर मिसळली, तर पोट दगडासारखं झालं. आता तिसरं दूध चालू होतं, पचायला हलकं म्हणून दिलेलं. त्याचा डबा उघडला की घरभर सडक्या बटाट्यांचा वास सुटायचा. काटेवाल्यानं एकदा बोट बुडवून चाखलं आणि पुढचा अर्धा तास मोरीवर चुळा भरत काढला.

"हे असलं पोरीला घालायचं?"

"तिला कुठे चव लागतेय," बायको म्हणाली. "नळीतून तर जातं."

हे दूध सुरू करताना डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं. पंधरा दिवसांत दोनशे ग्रॅम वजन वाढलं तर आहे तसं चालू ठेवू. नाहीतर पोटाला छोटं छिद्र पाडून नळी तिथूनच बसवावी लागेल.  ते ऐकल्यापासून काटेवाल्याला डोळ्यांसमोर गळकी तोटी दिसायची आणि तिच्याभोवती साचलेला ओलेपणा. "माझ्या लेकीच्या पोटाला मी तोटी लावू देणार नाही," असं तो घरात रोज म्हणायचा.  बायको तेव्हा बहुतेक वेळा पट्टी सोलत असायची.

तपासणीच्या दिवशी सकाळी त्यानं घरच्या काट्यावर ढमीला ठेवलं. काटा त्यानं स्वतःच्या हातानं जुळवलेला, एका ग्रॅमचाही फरक नाही. नव्वद ग्रॅम वाढले होते. बायकोनंही आकडा पाहिला आणि पिशवी भरायला घेतली.

दवाखान्यातल्या खुर्च्यांचे हात चिकट होते. शेजारच्या बाईंनी नळीकडे टक लावून बघितलं आणि सल्ला दिला, "अहो, ते काढून टाका नि अंगावर पाजा. भूक लागली की आपोआप शिकेल." काटेवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेल्या आठ महिन्यांत ज्यानं त्यानं हेच सांगितलं होतं, आणि सांगताना प्रत्येकानं नाक मुरडून पोरीच्या गालाकडेच पाहिलं होतं. त्याला माणसांचा वीट आला होता.

"तू कागद घेऊन रांगेत थांब," तो बायकोला म्हणाला. "मी हिला जरा वाऱ्यावर नेतो."

मागच्या बाजूला हात धुवायचं बेसिन होतं. तिथे त्यानं पिशवीतली दुधाची बाटली आणि मोठी सिरिंज काढली. ढमीचं आठचं दूध होऊन तासही झाला नव्हता. एकशेवीस मिलीला किती ग्रॅम भरतात, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. तो नळीतून हळूहळू दूध सोडत गेला. ढमी त्याच्या शर्टाचं बटण धरून त्याच्याकडे बघत होती.

"पाच किलो तीनशेवीस," सिस्टरनं वाचलं. "म्हणजे दोनशेदहा वाढलं."

डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "मानवलं की दूध. पोटातल्या नळीचं आता राहू दे. इतकं पचतंय तर दर वेळी वीस मिली वाढवून देऊ."

बायकोनं काटेवाल्याकडे पाहिलं. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागला. तेवढ्यात त्याच्या कडेवरची ढमी ताठ झाली, लालबुंद झाली, आणि सगळं दूध भसकन त्याच्या छातीवर आलं. त्याबरोबर नळीही निसटून हनुवटीवर लोंबू लागली. खोलीभर सडक्या बटाट्यांचा वास पसरला. दूध त्याच्या कॉलरमधून आत उतरत होतं, गरम, चिकट. एरवी त्यानं शर्ट फाडून फेकला असता. आता त्याला शर्टाचं काही वाटेना. त्याला किळस आली ती स्वतःचीच. शिसं चिकटवणारे सगळे दुकानदार त्याला आठवले. त्यांनी निदान ते पोटच्या पोरीच्या पोटात घातलं नव्हतं.

"पुन्हा मोजा," तो म्हणाला.

"आता उलटीनंतर कमीच भरणार," सिस्टर म्हणाली. "आधीचंच धरू."

"आधीचं खोटं आहे. मी बाहेर एकशेवीस मिली घातलं. वजन भरावं म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी ढमीच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि मागून-पुढून बराच वेळ ऐकत राहिल्या. काटेवाला ओल्या शर्टानं तसाच उभा होता.

"छाती साफ आहे. नशीब समजा," त्या शेवटी म्हणाल्या. "हे फुप्फुसात गेलं असतं तर पुढच्या वेळी मोजायला पोर उरली नसती." मग त्यांनी कागदावर ऑपरेशनची तारीख लिहिली.

 फाटकाशी आल्यावर बायको म्हणाली, "मला ती नळी पोटातच हवी होती. पहिल्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी? तुमचं आपलं तोटी, तोटी. तिचा गाल दिवसातून दोनदा कोण सोलतं?"



ऑपरेशन झालं. पोटावर शर्टाच्या बटणाएवढं झाकण बसलं, आणि ते गळत नव्हतं. नाकातली नळी निघाली, पट्टी निघाली. गालावर डिंकाचा काळा चौकोन तेवढा राहिला. घरी आल्यावर बायकोनं तेलात भिजवलेला कापूस त्याच्या हातात दिला. "आज तुम्ही पुसा."

डिंक आंबूस वासाचा होता. नाक न मुरडता तो हळूहळू पुसत गेला आणि खालून गाल निघत गेला, लालसर पण अख्खा. कानाजवळ मोहरीएवढा काळा ठिपका मात्र काही केल्या जाईना. त्यानं आणखी तेल घेतलं आणि जरा जोरात घासलं. ढमी कुरकुरली.

"घासू नका," बायको म्हणाली. "तीळ आहे तो."

"तीळ? हा कधी आला?"

"जन्मापासून आहे."