खडवलीच्या खाणीवरची हजेरी

आमची डिटॅचमेंट, म्हणजे सैनिकी तुकडी, होळीनंतरच्या आठवड्यात कल्याणहून खडवलीला हलली. काम एकच होतं: नदीवरच्या नव्या पुलासाठी काळा दगड फोडून द्यायचा. एक कॅप्टनसाहेब, एक जमादार म्हणजे तुमचे आजोबा, एक नाईक, एक बिगुलर, काही शिपाई आणि बाळकुमहून आलेली आगरी मजुरांची टोळी. मी कोणत्याच कागदावर नव्हते. पण रोल, म्हणजे हजेरीपट, लिहिणारा कारकून तापाने परत गेला आणि ठाण्याच्या मिशन शाळेत इंग्रजी शिकलेली बाई जमादाराच्या तंबूत आहे, हे साहेबांना कळलं. दुसऱ्या सकाळी रोलचं पुस्तक माझ्या हातात आलं. तेव्हापासून मी बिगुलावर उठले आणि बिगुलावर जेवले. म्हणून या आठवणींना सैनिकी म्हणायचा हक्क मी घेते.

गोमा, तू मोंबासाहून विचारलंस की घरात सगळे विनायक, वामन, आणि मलाच हे खेड्यातलं नाव का? कारखान्यात तू नुसती 'जी.' अशी सही करतोस. त्यासाठी हे लिहिते आहे. बाकीच्या भावंडांनीही वाचावं.

पहाटे पाचला बिगुल. साडेपाचला काम सुरू. साडेअकरापर्यंत खडकात भोकं पाडून त्यात दारू ठासायची. सुरुंग उडवण्याआधी सगळ्यांनी दगडी भिंतीमागे यायचं. मी एकेक नाव मोठ्याने वाचायचं, ज्याने त्याने "हाजिर" म्हणायचं. एक जरी गप्प राहिला तरी लाल निशाण खाली येत नसे आणि वाती पेटत नसत. हा नियम तुमच्या आजोबांनीच घालून दिला होता. आधीच्या एका खाणीत दारूच्या आवाजाने त्यांचे कान अधू झाले होते. वारा उलटा असला की त्यांना बिगुल ऐकू येत नसे.

त्या रोलमधलं पहिलं नाव मात्र मी वाचत नसे. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं आईने सांगितलं होतं. शाळेतल्या इंग्रजीने ते पुसलं गेलं नव्हतं. खडकावरून परतले की आजोबा आपला खाकी कोट भिंतीजवळच्या आपट्याच्या फांदीला अडकवत. तो दिसला की मी त्यांच्या नावापुढे टिक करत असे.

हे टोळीच्या मुकादमाच्या लक्षात आलं. त्याचं नाव गोमा.

"काय गो बाय, सगल्यांची नावा घेतंस. जमादारांचं नाव पुस्तकात नाय का?"

"आहे."

"मंग गिललंस कशाला?"

टोळी हसली. मी म्हटलं, "मुकादम, तुमची बायको घेते का तुमचं नाव?"

"ती? ती मना 'अवो मेल्या' म्हनतं."

पुन्हा हशा. साहेबांनी काय झालं म्हणून विचारलं. "नथिंग, सर," मी म्हणाले.

पण रोज टिक करताना पेन्सिल अडखळत असे. दोनदा मी ठरवलं, उद्या वाचायचंच. दुसऱ्या दिवशी कोट दिसे, आणि राहून जाई.

तो दिवस शनिवार होता. दगड तापले होते. वारा नदीकडून अंगावर येत होता. सात सुरुंग भरले होते. अकरा पस्तीसला मी रोल वाचला. फांदीवर कोट होता. टिक केली.

"रोल?"

"कम्प्लीट, सर."

"फायर."

बिगुल झाला. नाईकाने वाती पेटवल्या आणि तो धावत भिंतीमागे आला. वाती तीन मिनिटांच्या होत्या.

वाऱ्याने कोट खाली पडला. तो उचलायला कोणी पुढे आलं नाही. मी भिंतीच्या कडेने नजर फिरवली. आजोबांच्या नेहमीच्या जागी कोणी नव्हतं. उकाड्यामुळे त्यांनी कोट सकाळीच काढून ठेवला होता. शेवटची वात ओलसर वाटली म्हणून नवी आणायला ते पलीकडच्या मोठ्या खडकाआड गेले होते आणि उलट्या वाऱ्यात बिगुल त्यांना ऐकू आला नव्हता. हे आम्हांला नंतर कळलं.

मी उभी राहिले. "अहो!"

कोणी वळलं नाही. तिथे सगळे पुरुषच होते; 'अहो' म्हणजे नेमकं कोण, ते कोणाला कळणार?

"अहो!"

साहेब ओरडले, "हू इज मिसिंग? नेम!"

नाव तोंडात होतं. बाहेर येत नव्हतं.

गोमाने माझ्याकडे पाहिलं. मग पडलेल्या कोटाकडे पाहिलं. "जमादार!" एवढं म्हणून त्याने भिंतीवरून उडी मारली.

"मुकादम, माघारी ये! वाती संपत आल्या!" नाईक ओरडत राहिला.

गोमा पोचला. खडकाआडून बाहेर येणाऱ्या आजोबांना त्याने पुन्हा मागे ढकललं. त्याच वेळी पहिला सुरुंग उडाला. सातही आवाज मी मोजले.

आजोबांचा डावा हात मनगटात मोडला. गोमा खडकाच्या अलीकडच्या बाजूला राहिला होता. नाईकाने तोच खाकी कोट त्याच्या चेहऱ्यावरून पांघरला. तेव्हा पावणेबारा वाजले होते.

रविवारी नऊ वाजता साहेबांच्या तंबूत चौकशी झाली.

"वॉज द रोल कॉल्ड इन फुल?"

"नो, सर."

"हू वॉज लेफ्ट आउट?"

आजोबा झोळीत हात घेऊन शेजारी उभे होते. "साहेब, चूक माझी आहे. मी कोट—"

साहेबांनी त्यांना हाताने थांबवलं.

"जमादार रघुनाथ, सर," मी म्हणाले. लग्नाला सहा वर्षं झाली होती. आजोबांनी मान वर केली नाही.

दुपारी गोमाची बायको हिरा आली. मी शिव्यांची तयारी ठेवली होती. काय झालं ते मी तिला सगळं सांगितलं, माझी चूकही. ती भिंतीजवळ जाऊन बसली.

"मी पन त्याचं नाव कदी घेतलं नाय, बाय," ती म्हणाली. "तू पुस्तक वाचतंस ना रोज? त्याचं नाव वाचत जा. जोरान वाच."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही माफी मागितली नाही.

सोमवारी साडेअकराला मी पुस्तक उघडलं.

"जमादार रघुनाथ."

"हाजिर!" कान अधू असलेला माणूस देतो तसा, गरजेपेक्षा मोठा आवाज. मागे कोणी तरी हसलं आणि गप्प झालं. मग बाकीची नावं. शेवटी मी वाचलं, "मुकादम गोमा."

मग बाळकुमची अख्खी टोळी एका आवाजात म्हणाली, "हाजिर!"

साहेब तोवर थांबले. मगच निशाण खाली आलं.

पावसाने काम बंद पडेपर्यंत रोज असंच झालं. त्या खाणीत पुन्हा कोणाला इजा झाली नाही. रोज नाव घेऊनही तुमचे आजोबा त्यानंतर तीस वर्षं जगले. पहिल्या नातवाचं नाव त्यांनीच ठेवलं. कोणाला विचारलं नाही.

गोमा, तुमच्या कारखान्यात यंत्र सुरू करण्याआधी माणसांची नावं मोठ्याने वाचतात की नुसतीच टिक करतात, ते मला कळव. टिक करत असतील तर फोरमनशी बोल. आणि पत्राखाली 'जी.' लिहू नकोस. पूर्ण नाव लिही. तुझी पत्रं मी मोठ्याने वाचते.