दात बघून घेणारे साडू

माझ्या साडूंसमोर साक्षात ब्रह्मदेव उभा राहिला, तरी ते त्याची चारही तोंडं मोजतील आणि मगच नमस्कार करतील. शिरूरच्या स्टँडवर एसटीच्या पाटीवर ठळक ‘दौंड’ लिहिलेलं असतं, तरी हे कंट्रोलरला विचारून येतात. “पाटी खोटं बोलत न्हाई, पण लावणारा इसरतो.” माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मी स्वतः त्यांच्या हातात दिली. त्यांनी पत्रिकेवरचा नंबर बाजूला ठेवला, मंगल कार्यालयाचा नंबर दुसरीकडून मिळवला आणि तारखेची खात्री केली. मी रुसलो, तर म्हणाले, “पाव्हणं, कागदाची चौकशी कागदावरच्याच नंबराला करून काय उपेग?”

ही खोड त्यांच्या वडिलांची. ते मेंढरं राखायचे आणि बाजारात विकणारा कितीही शपथा घेवो, आधी मेंढराचा जबडा उघडून दातांवरून वय बघायचे. साडूंनी मेंढरं सोडली, कुरकुंभच्या केमिकल कंपनीत खरेदी खात्याला लागले. जबडा उघडायची सवय मात्र बरोबर नेली. मी त्याच कंपनीत डिस्पॅचला, म्हणून पुढचा सोहळा मला फुकटात बघायला मिळाला.

साडूंच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. प्लँटमधली यंत्रं बाहेरून, कॉम्प्युटरवरून सांभाळायचं काम पुण्याच्या एका पुरवठादाराला द्यायचं ठरलं. त्याने सायबर सुरक्षेचं सर्टिफिकेट आणलं, लॅमिनेट केलेलं, वर सोनेरी शिक्का. ‘तपासले’ म्हणून साडूंची सही तेवढी बाकी होती. साडूंनी शिक्का नखाने खरवडून पाहिला, सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचा नंबर आपला आपण शोधला आणि फोन लावला. सर्टिफिकेट अस्सल निघालं, मुदतही शिल्लक. खरेदी खात्याच्या साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

“थांबा साहेब,” साडू म्हणाले, “दात खरं हायेत, पण दुसऱ्या मेंढराचं.”

सर्टिफिकेट होतं फक्त पुण्याच्या ऑफिसापुरतं. आमच्या यंत्रांना हात घालणारी माणसं बसणार होती शिक्रापूरच्या गाळ्यात, आणि त्या गाळ्याचा कागदावर पत्ताच नव्हता.

“अहो आप्पा,” साहेब साडूंना म्हणाले, “कंपनी एकच आहे ना?”

“सख्खे भाऊ बी एकाच आईचे असत्यात. एकाचा जबडा उघडून दुसऱ्याचं वय सांगता व्हय? त्या गाळ्यातनं कुणी आत शिरलं आन् रिॲक्टरचा वॉल्व्ह उघडला, तर खाली शिफ्टला आपलीच माणसं असत्यात.”

“निवृत्तीच्या तोंडावर कशाला वाईटपणा घेता? सही करा, नाहीतर उद्यापासून भंगार यार्डात बसावं लागेल.”

साडूंनी खिशातला पेन काढला आणि अदबीने साहेबांपुढे धरला. “मी न्हाई करत. तुम्ही करा.” साहेबांनी तो प्लँटच्या प्रमुखांकडे सरकवला, त्यांनी आयटीवाल्यांकडे. टेबलाला पूर्ण फेरी मारून पेन कोरडाच साडूंच्या खिशात परतला. दुसऱ्या दिवशी ते ताठ मानेने भंगार यार्डात जाऊन बसले आणि तिथे काट्यावर येणारा प्रत्येक ट्रक दोनदा तोलून घेऊ लागले. काम मात्र अडलं ते अडलंच. शेवटी पुरवठादाराला शिक्रापूरचा गाळाही तपासून घेणं भाग पडलं.

तो कागद येण्याआधी साडू निवृत्त झाले. निरोपाची शाल त्यांनी उलटी करून शिवण पाहिली, मग खांद्यावर घेतली.

परवा दौंडला त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. त्यांच्या जागेवर आलेल्या मुलीचा फोन आला. “आप्पा, नवीन सर्टिफिकेट आलंय. शिक्रापूरचं नाव आहे त्यात. मी फोन करून खात्री केली.”

“नंबर कुठनं घेतला?”

“कागदावरचा नाही. मी शोधला.”

“मग कर सही.”

फोन बंद झाला तरी तो बराच वेळ त्यांच्या कानालाच होता. मग हलकेच म्हणाले, “पाव्हणं, आता मला कुणी काय तपासायला देत न्हाई वो.”

मी खिशातली माझी रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा पुसला, पट्टी उजेडाकडे धरली आणि मुदत वाचू लागले.