तिकडं चालतंय

"आज आत ये," वहिनीसाहेब म्हणाल्या. "चप्पल तिथंच काढ. हात साबणानं धू. आणि चार पोळ्या लाटून दाखव बरं."

मी तेवीस वर्षांची. बीएस्सी ॲग्री झालेली. पर्समध्ये दोन परदेशी विद्यापीठांची प्रवेशपत्रं. आणि मी पोळ्या लाटून दाखवायच्या होत्या.

आत म्हणजे स्वयंपाकघरात. शेवगावपासून पाच-सहा किलोमीटरवर आमचं गाव आणि गावात हा बंगला. माझी आई इथं एकोणीस वर्षं भांडी घासते, अंगण झाडते. भांडी मागच्या नळावर. तिचा चहाचा कप मागच्या खिडकीत, वेगळा, उपडा घातलेला. स्वयंपाकघराचा उंबरा तिनं एकोणीस वर्षांत एकदाही ओलांडला नाही. आत येऊ नको असं तिला कुणी कधी म्हटलं नाही. म्हणावंच लागलं नाही. आम्ही बौद्ध आहोत, एवढं सगळ्यांना पुरत होतं.

आणि आज मला आत बोलावलं होतं.

त्याचं कारण ऋतुजा. वहिनीसाहेबांची एकुलती एक लेक. ती इंग्लंडला मॅनेजमेंट शिकायला निघाली होती. मलाही सरकारची परदेश शिष्यवृत्ती मंजूर झाली होती. अर्ज दोन ठिकाणी केला होता मी. एक इंग्लंडचं विद्यापीठ, ऋतुजाच्याच शहरातलं. तिथं शेतीमालाच्या व्यापाराचा कोर्स, एक वर्षाचा. दुसरं नेदरलँड्समधल्या एका लहान गावातलं. तिथं मातीशास्त्र, दोन वर्षं. शिष्यवृत्ती दोन्हीकडे चालत होती. कुठं जायचं ते मला ठरवायचं होतं.

मला माती हवी होती. मी शेवगावात एका खासगी माती परीक्षण प्रयोगशाळेत काम करते. रोज पिशव्या येतात, त्यावर गट नंबर, शेतकऱ्याचं नाव. उसाला पाणी पाजून पाजून जमिनीवर मीठ फुटलेलं असतं. मी आकडे काढते आणि लिहून देते, जमीन चोपण झाली आहे. शेतकरी विचारतो, मग आता काय करू? मी छापील सल्ला हातात देते. त्या सल्ल्याचा मला स्वतःलाच भरवसा नसतो. त्या नेदरलँड्सच्या लोकांनी समुद्राखालची जमीन पिकवली आहे. मिठाचं काय करायचं ते मला त्यांच्याकडून शिकायचं होतं. बस, इतकंच.

पण शिष्यवृत्तीच्या करारावर दोन जामीनदार लागतात. नोकरदार नाहीतर जमीनवाले. बाप मी सातवीत असताना गेला. मामा वीटभट्टीवर. गुंठाभर जमीन आमच्या सात पिढ्यांत नाही. आईनं बंगल्यावर शब्द टाकला. ऋतुजाचे वडील, अण्णा, लगेच हो म्हणाले. "एक सही माझी, दुसरी कारखान्यातल्या कुणाची तरी घेऊन देतो. पण इंग्लंडचंच घे म्हणावं पोरीला. दोघी एका खोलीत राहतील. आमची पोर कधी घराबाहेर राहिलेली नाही."

मी गेले तेव्हा अण्णा झोपाळ्यावर बसून हसत म्हणाले, "आणि मातीचं काय शिकतीस गं? तुमच्याकडं सातबारा तरी हाय का?"

मी पण हसले. काय करणार? सही हवी होती.

तर मी ओट्यापाशी उभी राहिले. कणीक मळूनच ठेवली होती. ऋतुजा टेबलाशी मोबाईल बघत बसली होती. "थँक यू हं," ती म्हणाली, "मला तर मॅगीसुद्धा जमत नाही. तिकडं जेवणाचं तुझ्यावरच." पोरगी वाईट नाही. वाईट असती तर बरं झालं असतं, राग तरी धरता आला असता.

मी चार पोळ्या केल्या. चारही फुगल्या. वहिनीसाहेब म्हणाल्या, "अगं बाई, हात छान आहे हिचा!" आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. त्या घरात, त्या थंडगार फरशीवर, शाबासकी मिळाली म्हणून माझ्या पोटात गुदगुल्या झाल्या. त्याची लाज मला आजही वाटते. बाकी कशाचीच नाही, त्या गुदगुल्यांची वाटते.

हात धुऊन वळले तर वहिनीसाहेब पोळ्या कागदात गुंडाळत होत्या.

"घरी ने. आईला दे. आमचं आज बाहेर जेवण आहे."

मग त्यांनी परातीतला उरलेला कणकेचा गोळा उचलला. मी हात लावलेला. तोही कॅरीबॅगेत घातला, गाठ मारली, पुढे केला. आणि परात नळाखाली धरली. खळाखळा पाणी सोडलं.

मला एकदम कळलं. कणकेचं कसलं आलंय बाहेरचं जेवण? फ्रीजमध्ये राहिली असती की.

मी विचारलं, "वहिनीसाहेब, मग ऋतुजाताई माझ्या हातचं तिकडं कसं खाणार?"

त्या जराही चपापल्या नाहीत. प्रेमानं म्हणाल्या, "तिकडं चालतंय गं. तिकडं कोण बघतंय?"

मी पिशवी घेऊन निघाले. वाटेत कालव्याच्या पुलावर थांबले. फेकून द्यावंसं वाटलं, पण अन्न कसं फेकणार? घरी आणलं. आईनं गोळ्याच्या आणखी तीन पोळ्या केल्या, आणि खाता खाता म्हणाली, "बघ, आत घेतलं तुला. दिस बदलत्यात."

तिचा चेहरा उजळला होता.

पुढचे चार दिवस मी विचारत फिरले. कुणाला विचारायचं हेच आधी कळत नव्हतं. आमच्या घरात परदेश सोडा, पुण्यालासुद्धा कुणी शिकायला गेलेलं नाही. वस्तीतले एक रिटायर गुरुजी आहेत, ते म्हणाले, "ओळखीचं माणूस असल्यालं बरं, बाई. परमुलूख हाय." कॉलेजातली मैत्रीण स्पर्धा परीक्षेच्या तयारीत. तिनं उत्तर पाठवलं, "लकी आहेस यार, दोनदोन ऑप्शन." आणि पुढं दोन अंगठे. त्या लहान गावात शिकणाऱ्या एका भारतीय मुलाला इंटरनेटवर शोधून मेसेज केला. त्यानं अजून बघितलेला नाही.

मोबाईलवर मी ते गाव बघत बसायचे. सपाट. सायकली. आभाळ कायम राखाडी. रस्त्यावर माणूस दिसेना. तिथं ताप आला तर पाणी कोण देणार, असं बावळटासारखं मनात यायचं. मला भीती वाटत होती. लई भीती वाटत होती. इंग्लंडला निदान मराठी बोलायला एक माणूस होतं. फक्त त्या माणसाच्या पोळ्या लाटायच्या, एक वर्ष. हजारो बाया जन्मभर लाटतात. असाही हिशेब मी केला. करून बघितला आणि मला माझीच किळस आली.

पाचव्या दिवशी अण्णांनी बोलावलं. बंगल्याच्या पुढच्या खोलीत. मी टेबलावर कराराचा कागद ठेवला. विद्यापीठाचा रकाना मी कोरा ठेवला होता. मुद्दाम नाही. हात धजलाच नव्हता.

अण्णांनी पेनचं टोपण काढलं आणि थांबले. "हे आधी भर. मग सही."

आई दारात उभी होती, फडकं हातात घेऊन. मी त्यांच्याच टेबलावर, माझ्या पेनानं लिहिलं. नेदरलँड्सचं विद्यापीठ. खाली विषय, मातीशास्त्र.

अण्णांनी वाचलं. टोपण परत लावलं. "मग तुझं तू बघ," म्हणाले.

"बघते," मी म्हणाले. "ऋतुजाताईंना स्वयंपाक शिकवा. अजून दोन महिने आहेत."

मी कागद उचलला.

आई माझ्या मागून आली नाही. संध्याकाळी आली, ती बंगल्यावरचं काम गेल्याचं सांगतच. "एकोनीस वरसं मी तोंड मिटून काढली. तुला येक वरीस निघंना व्हय?" मी म्हणाले, "तुझी एकोणीस निघाली म्हणूनच मला एकसुद्धा काढायचं नाही." तिला ते टोचलं. टोचायलाच म्हटलं होतं मी. आता ती दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जाते आणि माझ्याशी कामापुरतं बोलते. एका खोलीत आम्ही दोघी, आणि भांड्यांचा तेवढा आवाज. गुरुजी म्हणतात, पोरगी शिकून उद्धट झाली. माझ्या बाजूनं या गावात एक माणूस नाही. ज्या आईसाठी मला सगळ्यात जास्त राग आला, तीसुद्धा नाही.

एक सही मिळाली. आमच्या प्रयोगशाळेतल्या क्लार्क मॅडमनी केली. कुणाच्या घरी काही सांगू नकोस, म्हणाल्या. दुसरी ओळ रिकामी आहे. अकरा जणांना विचारून झालं. कुणाला बंगल्याचा धाक, कुणाला नुसताच धाक. मुदत शुक्रवारी संपते. उद्या मी पहिल्या एसटीनं नगरला जाणार आहे. कचेऱ्यांमध्ये आमच्यातले दोन-तीन साहेब आहेत म्हणतात. ओळख नाही. दारात उभी राहीन. हाकललं तर पुढच्या दारात.

नाहीच मिळाली सही, तर यंदा जाणार नाही. पुढच्या वर्षी नव्यानं अर्ज करीन, हाच विषय, हेच गाव. तिथं एकटीनं ताप काढीन. इथं तरी दुसरं काय करते आहे? रकान्यात मी जे लिहिलंय, ते शुद्धीत लिहिलंय. तिथं खाडाखोड होणार नाही.