इंदूकाकीचा शेक

इंदूकाकीचा दिवस सुनेवर ओरडण्याने सुरू व्हायचा. मी मसुऱ्याच्या शाळेत बदलून आले आणि काकीच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहू लागले, तेव्हा पहिल्याच सकाळी पलीकडून आवाज आला, "मीट डोळे! मीट म्हणतंय ना गो! हलशीत तर बघ!" थोड्या वेळाने सून, रश्मी, कळशी घेऊन विहिरीवर आली. डोळे लालबुंद, पापण्या सुजलेल्या आणि दोन्ही डोळ्यांतून पाणी. मी मनातल्या मनात म्हटलं, बाई गं, शेजार बरा मिळालाय!

वाडीत सगळ्यांनीच काकीला खाष्ट ठरवून टाकलं होतं. मुलगा गोव्याला हॉटेलात नोकरीला, महिन्यातून एखादा दिवस घरी. मागे या दोघीच. सासूचा आवाज भाताच्या खळ्यापासून देवळापर्यंत पोचणारा आणि सून सदा डोळे पुसणारी. लोकांना आणखी काय हवं?

खरा प्रकार मला कळला तो विरजण मागायला मागच्या दाराने गेले तेव्हा. रश्मी पडवीत पाटावर मान मागे टाकून बसली होती. काकी गरम पाण्यात बुडवून पिळलेला पांढरा पंचा आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघत होती आणि मग तिच्या मिटल्या डोळ्यांवर ठेवत होती. पंचा निवला की पुन्हा बुडवायचा. मग बोटाने पापण्या हलके हलके चोळायच्या, वरची खाली, खालची वर. मग स्वच्छ कापसाने पापण्यांच्या कडांवरची चिपडं आणि कोंडा पुसून काढायचा. शेवटी डॉक्टरांनी दिलेले थेंब. आणि हे सगळं होईपर्यंत तोंडाचा पट्टा चालूच.

"बघा बाईनूं," काकी मला म्हणाली, "डोळ्यांतसून पाणी व्हावता, आणि डागतर म्हणता डोळे सुके आसत! आता सुक्या डोळ्यांचा पाणी माका कोण समजावतलो?"

मालवणच्या डॉक्टरांनी समजावलं होतं खरं. पापण्यांच्या कडेच्या बारीक ग्रंथी तुंबलेल्या, त्यामुळे डोळ्यांवरचा ओलावा टिकत नाही, डोळा चुरचुरतो आणि चुरचुरला की उगाच पाणी गाळत बसतो. हा आजार एकदाच औषध घेऊन जाणारा नाही, रोज निगा राखून ताब्यात ठेवायचा. एवढं काकीने बरोबर उचललं होतं. रश्मीने कंटाळा केला की ती म्हणायची, "दात रोज घासतंस मा? तेवा नाय म्हणणस, काल घासलंय म्हणान!"

याआधी मात्र काकीने स्वतःच मोठा घोळ घालून ठेवला होता. नवी सून, डोळे लाल, म्हणजे कुणाची तरी दृष्ट लागली, असं धरून तिने तव्यावर काजळी धरली, एरंडेलात खलली आणि रोज संध्याकाळी रश्मीच्या डोळ्यांत बोटभर भरली. डोळे आणखी पेटले. डॉक्टरांनी काजळ बंद करायला सांगितलं, तेव्हा काकीने घरी येऊन काजळाची डबी घरामागच्या परड्यातल्या माडाच्या मुळाशी पुरली. "माज्याच हातान माज्या चेडवाचे डोळे जाळलंय," हे ती मला सांगे तेव्हा तिचा तो दांडगा आवाज पार खाली गेलेला असे. सुनेला ती चेडू म्हणते, लेक म्हणते, हे वाडीत किती जणांना ठाऊक होतं कोण जाणे.

मी एकदा चिडून विचारलं, "अहो काकी, लोक तुम्हाला काय काय बोलतात! सांगून का टाकत नाही, तिला आजार आहे म्हणून?"

"आणि काय सांगू?" काकी उसळली. "तरण्या पोरीच्या डोळ्यांत खोट आसा म्हणान? मगे लग्नाकार्यात तिका धरान धरान तिचे डोळे बघतले. त्यापरास सासू खाष्ट म्हणांदेत. माजा काय जाता?"

तिचं खरंच काही जायची वेळ आली ती जत्रेनंतर. जत्रेला आलेल्या रश्मीच्या मावशीने तिचे डोळे पाहिले आणि वैभववाडीला रश्मीच्या माहेरी जाऊन सांगितलं, सासू पोरीला रडवते. आठवड्याच्या आत रश्मीचा मोठा भाऊ गाडी घेऊन दारात उभा. "बहिणीक न्हेवक इलंय," तो म्हणाला. चहासुद्धा घेईना.

मला वाटलं, आता काकी त्याला उभा सोलणार. पण काकी सरळ आत गेली. दोन धुतलेले पंचे, कापूस आणि थेंबांची बाटली पिशवीत घालून बाहेर आली.

"न्हेवा," पिशवी त्याच्या हातात देत ती म्हणाली. "पण पाणी कडकडीत घेव नकात, आधी आपल्या मनगटाक लावन बघा. आणि ती टाळतली. ऐकू नकात तिचा."

भाऊ गोंधळून पिशवीकडे बघत राहिला. रश्मीनेच ती त्याच्या हातातून काढून घेतली. "दादा, लग्नाआधीपण माजे डोळे असेच होते. तेवा तू काय म्हणायचंस? मोबाईल बघू नको! ह्या माज्या सासूआईन माका डागतराकडे न्हेली. मी खंय येवचंय नाय."

मग भावाने चहा घेतला. काकी चुलीशी पाठ करून बसली आणि धुराच्या नावाने बराच वेळ डोळे पुसत राहिली.

पुढे काकी गेली ती छातीच्या दुखण्याने, दोनच दिवस इस्पितळात राहून. पहाटे इस्पितळातून तिला घरी आणली. पडवी माणसांनी भरली, मुलगा गोव्याहून वाटेत होता. उजाडल्यावर माझ्या मागच्या दाराशी रश्मी उभी दिसली. हातात पंचा आणि वाडगा. रात्रभर रडून तिच्या पापण्या चिकटल्या होत्या.

"बाईनूं, आमची चूल आज पेटूची नाय," ती म्हणाली. "वायच पाणी तापवन देशात?"

तिच्या मागोमाग आलेली वाडीतली एक बाई दारातूनच बोलली, "सासू भायर निजलीहा, आणि हिका शेक सुचता!"

रश्मीने मागे वळूनही पाहिलं नाही. "सगळा धूसर दिसता माका," ती मला म्हणाली. "आईचा तोंडपण. तिका न्हेवच्या आदी एकदा नीट बघूचा आसा."

मी पाणी तापवलं. ती बाई उंबऱ्यावर तशीच उभी राहिली, मग आत येऊन तिने रश्मीची मान हातावर धरली. शेक झाला, पापण्या पुसून झाल्या, थेंब घातले. रश्मीने डोळे उघडले, परड्यातून घरी गेली आणि काकीच्या उशाशी बसली. तिला उचलेपर्यंत ती तिच्याकडे बघत होती.